चारमिनारच्या पुढं

जुबेदाबी आमच्या कुंभार पिंपळगावची बांगडीवाली. मी लग्न होऊन या गावात आले ते ब्याऐंशी साली, आणि सासरच्या माणसांची नावं पाठ व्हायच्या आत मला तिचे हात पाठ झाले. आखूड बोटांचे, मऊ हात, पण पकड अशी की तिनं एकदा मनगट धरलं की बांगड्या भरून झाल्याशिवाय सुटका नाही. बाजाराच्या दिवशी ती मारुतीच्या पाराजवळ पोतं अंथरून बसायची. बाकीचे दिवस डोक्यावर पेटी, खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन गल्लोगल्ली फिरायची. पेटी खाली टेकवताना एकच हाळी द्यायची, "या गं बायांनो, हैदराबाद आलं!"

तिच्या नवऱ्याला दम्यानं धरलं तेव्हापासून माल आणायला ती स्वतःच जायची. वर्षातून एकदा, लग्नसराईच्या आधी. परतूरला जाऊन काचीगुड्याची गाडी पकडायची, रात्रभर त्या छोट्या रुळांच्या गाडीत बसायचं, सकाळी उतरायचं आणि चारमिनारच्या शेजारच्या लाड बाजारातून लाखेच्या, खड्यांच्या, काचेच्या बांगड्या घेऊन यायचं. गावातल्या भल्याभल्या पुढाऱ्यांनी औरंगाबादच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यामुळं हैदराबाद म्हटलं की जुबेदाबी, असंच सगळे धरून चालायचे.

आता बांगड्या भरण्याच्या कामात एक अडचण असते. बाई घाबरली की हात आखडते. बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडते, आणि जोर केला की काच फुटते. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, पण काहीही म्हटलं तरी तुकडे विकणारीच्याच पदरात. यावर जुबेदाबीचा उपाय म्हणजे गोष्ट. ती म्हणायची, बाई बोलत असली की हात घट्ट होतो आणि ऐकत असली की सैल होतो. म्हणून हात हातात घेतला की ती हैदराबाद सुरू करायची. तिथं म्हणे बसच्या डोक्यावर बस असते. तिथं एक किल्ला आहे, त्याच्या दाराशी टाळी वाजवली की पार वरच्या टोकाला राजाला ऐकू जाते. तिथला हत्ती माणसाला सलाम करतो. तोंड उघडं ठेवून आपण ऐकत राहायचं आणि शुद्धीवर यावं तर हातात डझनभर बांगड्या वाजत असायच्या.

माझ्या सासूबाई गोजरबाई. त्यांचा हात गावात सगळ्यांत कडक. जन्मभर खुरपं, विळा आणि दोन म्हशींची धार. मनगट म्हणजे बाभळीचं खोड. त्यांना बांगड्या भरायच्या म्हणजे जुबेदाबीला घाम फुटायचा आणि गोष्ट संपता संपायची नाही. दुसऱ्या बायांना नुसता हैदराबादचा तलाव ऐकायला मिळायचा. सासूबाईंना तलाव, तलावाच्या कडेनं जाणारा रस्ता, रस्त्यावरची बस, बसवरची बस आणि त्या वरच्या बसमध्ये बसलेल्या नवाबाच्या सुनेचं नाकसुद्धा. एका दिवाळीला बांगड्या फारच अडल्या तेव्हा जुबेदाबीनं एक घर काढलं.

"त्या घराला छप्परच न्हाई आक्का. पण आत पाऊस पडत न्हाई."

"असं कसं?" सासूबाईंनी विचारलं, आणि तेवढ्यात शेवटची बांगडी आत गेली.

"आता कसं ते काय सांगू! बघायलाच पाह्यजे."

"कुठंशी आहे हे घर?"

"पुढं आहे. चारमिनारच्या पुढं."

तिचं सगळंच चारमिनारच्या पुढं असायचं. किल्ला पुढं, तलाव पुढं, हत्ती त्याच्याही पुढं.

शहाऐंशी साली माझी नणंद गिरिजा हिचं लग्न ठरलं. माघातल्या एका संध्याकाळी सासऱ्यांच्या ताटात भाकरी वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "यंदा जुबेदासंगं मीबी हैदराबादला जाऊन राह्यले."

सासऱ्यांचा, साहेबरावांचा, घास हातातच राहिला. "कामून? बांगड्या ती आणत न्हाई का?"

"आणते. हत्ती आणत न्हाई."

सासरे माझ्याकडे बघायला लागले. मी तव्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी जुबेदाबी धावतच आमच्या घरी आली. "आक्का, गाडीत लई गर्दी असते."

"बसू की चिकटून."

"तिकडचं पाणी बाधतं."

"घरचं नेऊ."

"तिकडं मराठी कुणाला येत न्हाई."

"तुला येतं की. दुसरं कोण पाह्यजे मला?"

यावर जुबेदाबी उठलीच. चहाही अर्धा टाकून ती गेली. तिचा चेहरा का उतरला ते मला तेव्हा उमगलं नाही. नंतर तिनंच सांगितलं. इतक्या वर्षांत जुबेदाबीनं हैदराबाद पाहिलंच नव्हतं! स्टेशनवर उतरायचं, रिक्षा करून सरळ लाड बाजार गाठायचा, माल बांधून घ्यायचा, चारमिनारच्या सावलीत बसून घरची भाकर खायची आणि संध्याकाळची गाडी धरायची. एकटी बाई, जवळ फुटणारा माल, रस्ता चुकला तर काय घ्या. त्या गल्लीच्या टोकाच्या पलीकडे तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. सगळ्या गोष्टी दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेल्या, आणि ज्या कमी पडल्या त्या तिनं घरीच घडवलेल्या.

गाडीत सासूबाईंनी खिडकी पटकावली. परभणी कुठलं नि नांदेड कुठलं, त्यांना काही घेणं नव्हतं. त्या उद्याचा बेत पक्का करत होत्या. "आधी किल्ला. मंग तलाव. मंग हत्ती. ते छप्पर नसलेलं घर किल्ल्याच्या अलीकडं का पलीकडं?"

"तसं... मधीच आहे," जुबेदाबी म्हणाली.

समोरच्या बाकावरच्या बायांनाही सासूबाईंनी सगळं हैदराबाद ऐकवलं. राजाच्या कानापर्यंत जाणारी टाळी त्यांनी जागच्या जागी वाजवून दाखवली, त्यावर एक तान्हं पोर दचकून उठलं. जुबेदाबी डोक्यावरून पदर घेऊन कोपऱ्यात मनातल्या मनात दुआ मागत होती, या अल्ला, उद्याच्या दिवस हैदराबाद बंद ठेव.

हैदराबाद बंद नव्हतं. लाड बाजाराच्या गल्लीत ऊन शिरलेलं आणि दोन्ही बाजूंनी खडे असे लखलखत होते की सासूबाई डोळ्यांवर हात धरून चालल्या. जुबेदाबीचे ठरलेले व्यापारी फकरोद्दीन सेठ. पांढरी टोपी, मेंदी लावलेली दाढी, पांढऱ्या गादीवर मांडी. गिरिजासाठी लाखेचा हिरवा-सोनेरी चुडा सासूबाईंनी एका नजरेत पसंत केला. बाकीचा माल जुबेदाबीनं निवडला, दुकानातल्या पोरांनी गवतात घालून बांधला. मग दोघी चारमिनारखाली जाऊन उभ्या राहिल्या. सासूबाईंनी मान वर करून चारी मिनार नीट पाहून घेतले.

"लई चांगलंय," त्या म्हणाल्या. "आता चल पुढं."

"आक्का, आज शुक्रवार. सगळं बंद असतं."

"आज बुधवार आहे."

"तलाव आटलाय म्हणतात."

"मंग आटलेला बघू."

जुबेदाबी जागची हलेना. सासूबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि तरातरा सेठच्या दुकानात परत शिरल्या. "सेठ, वो टाळी का किल्ला किधर हय?"

सेठला टाळी कळली नाही. सासूबाईंनी वाजवून दाखवली.

"अच्छा, गोलकुंडा!" सेठ हसले. "जुबेदाबी, इनकू गोलकुंडा दिखाओ ना." मग जुबेदाबीचा चेहरा बघून त्यांनाच शंका आली. "तुम नै देखे क्या? इत्ते बरसां से आरे तुम! गोलकुंडा नै देखे? तालाब? चिड़ियाघर?"

जुबेदाबीनं जमिनीकडे बघत मान हलवली. नै.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे ती बस? नवाबाची सून? तिचं नाक?"

"तुमचा हात लई कडक होता आक्का," जुबेदाबी कसंबसं म्हणाली. "गोष्ट लांबवावी लागायची."

सासूबाईंच्या गालांना आधी थरथर सुटली. मग खांद्यांना. मग त्या सेठच्या पांढऱ्या गादीवर धपकन बसल्या आणि अशा हसल्या की गल्लीतले लोक डोकावू लागले. "माझ्या हातानं!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या हातानं तुला एवढं मोठं हैदराबाद बांधायला लावलं म्हण की!" त्यांचं बघून सेठ हसू लागले, माल बांधणारी पोरं हसू लागली, आणि शेवटी जुबेदाबीचाही बांध फुटला. ती रडत होती की हसत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "बरं झालं. तू बघितलेलं असतं तर पुढं पुढं करून मला शिकवत बसली असतीस. आता दोघीबी नव्याच. जल्दी चल."

सेठनी माल दुकानात ठेवून घेतला आणि बस कुठं मिळते ते समजावलं.

ती बस साधीच होती, एकाच मजल्याची. पण शेवटी ती चक्क किल्ल्याच्या वेशीतून आत शिरली. ही जाड भिंत, हे खिळे ठोकलेले दार, आणि ड्रायव्हर आपला बिडी ओढत त्यातून वळण घेतोय! सासूबाईंनी जुबेदाबीची मांडी एवढ्या जोरात दाबली की तिथं दोन दिवस काळंनिळं होतं.

आतल्या मोठ्या कमानीखाली एक माणूस पाहुण्यांना टाळी वाजवून दाखवत होता. म्हणजे गोष्ट खरी होती! निदान एक तरी. जुबेदाबीला आनंदानं उभं राहवेना.

"मी वर जाते," सासूबाई म्हणाल्या. "तू इथं खाली वाजव."

"अन् न्हाई आली ऐकू तर?"

"तर मी वरूनच ओरडते. ते तुला बराबर ऐकू येईल."

सासूबाई नऊवारीचा काचा आवळून पायऱ्या चढू लागल्या. खाली जुबेदाबी कमानीच्या बरोबर मध्यभागी उभी राहिली. पोचल्या असतील, नसतील, असं करत तिनं पहिली टाळी दिली. मग दुसरी. वरून काही उत्तर येईना. खालचा आवाज वर जातो, वरचा खाली येत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं आपलीच टाळी कमी पडतेय. तिनं बाह्या वर सारल्या आणि अशी टाळी ठोकली की तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या खळकन वाढल्या. उभ्या आयुष्यात तिनं गावातल्या बायांना दटावलं होतं, हात सांभाळा गं, बांगड्या जपा. आणि आता तीच काचांच्या तुकड्यांत उभी राहून टाळ्या पिटत होती. कुठल्याशा शाळेची सहल आली होती, त्या पोरींनी हिचं पाहून टाळ्या धरल्या. कमान नुसती दणाणून गेली.

वर सासूबाई कट्ट्याला धरून धापा टाकत होत्या, आणि एकदम कानाशी टाप् असा आवाज झाला. त्या दचकून मागं वळल्या, मागं कुणी नाही. पुन्हा टाप्. मग टाप् टाप् टाप्, आणि मग पावसाची सर पत्र्यावर यावी तशा टाळ्याच टाळ्या. "आली! आली गं जुबेदा! आली!" त्या वरून ओरडत सुटल्या. जुबेदाबीचा आवाज आपण लाखात ओळखला, बांगड्या वाढल्या तेसुद्धा ऐकलं, असं त्या शेवटपर्यंत शपथेवर सांगायच्या.

एवढं ओरडूनही आपलं खाली पोचलं की नाही ते कळेना, तेव्हा त्या निम्म्या पायऱ्या उतरल्या, आणि जुबेदाबी निम्म्या चढून आली. मधल्या वळणावर दोघींची गाठ पडली. दोघींनाही बोलायला श्वास नव्हता. सासूबाईंनी नुसतं बोट दाखवलं. पायऱ्यांच्या कडेला जुने महाल होते. भिंती उभ्या, कमानी उभ्या, कोनाडेसुद्धा जागच्या जागी, आणि वर निळं मोकळं आभाळ.

"छप्पर आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"आत पाऊस पडून राह्यलाय का?"

जुबेदाबीनं वर बघितलं. माघातलं कडक ऊन. "न्हाई."

"मंग? बराबरच सांगत होतीस की!"

जुबेदाबी पायरीवर बसली ती पोट धरूनच. वर चढणारे लोक त्यांना वळसा घालून जात होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाणी पाहिजे का विचारलं, त्यावर त्या आणखी हसल्या.

मग दोघी मिळून पुन्हा वर चढल्या. सासूबाईंनी वाटेतल्या महाकाळीला हात जोडले, जुबेदाबी शेजारच्या छोट्या मशिदीपाशी क्षणभर थांबली, आणि अगदी वरच्या गच्चीवर आल्यावर त्यांना सगळं हैदराबाद एकदम दिसलं. घरं, माळ, झाडं, खडक, आणि दूर कुठंतरी चमकणारं पाणी. जुबेदाबी डोळे बारीक करून शोधत होती. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं तिला दाखवून दिलं. तो बघा, तो चारमिनार. धुरकट उन्हात मातीत चार काड्या रोवाव्यात एवढासा.

"एवढाच?" जुबेदाबी म्हणाली. "मी आजपस्तोर एवढ्यातच येऊन राह्यले होते?"

आता हिला वाईट वाटतंय की काय म्हणून सासूबाई काही बोलणार, तेवढ्यात जुबेदाबीनं चपला काढल्या, पदर खोचला आणि दोन्ही हात पुढं केले. "आक्का, धरा."

"काय?"

"फुगडी."

सासूबाईंचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं. जुबेदाबी चार-पाच वर्षांनी लहान. दोघींची नातवंडं खेळण्याच्या वयाची. पण सासूबाईंनी हात धरले. आधी सावकाश, मग भरभर. सहलीच्या पोरींनी गोल केला. वारा असा होता की दोघींचे पदर शिडासारखे फुगले. जुबेदाबीला आधी तलाव फिरताना दिसला, मग चारमिनार, मग कुठलेसे घुमट, मग पुन्हा तलाव. सबंध हैदराबाद तिच्याभोवती गरगरा फिरत होतं आणि मधोमध सासूबाईंचं लालबुंद तोंड तेवढं जागच्या जागी. सुटल्या तेव्हा दोघी दोन दिशांना जाऊन आपटल्या आणि आभाळ थांबेपर्यंत तशाच पडून राहिल्या.

परत येताना अफजलगंजच्या थांब्यावर ती आली. बसवर बस! लाल, उंच, वळताना झुकणारी. ती कुठं जाते हे दोघींनी विचारलंच नाही. जिन्यानं वर चढून अगदी पुढच्या बाकावर बसल्या. खाली माणसांची डोकी, सायकली, भाजीच्या गाड्यांवरचे टोमॅटो. झाडांच्या फांद्या काचेवर सपकन यायच्या आणि दोघी दर वेळी खाली वाकायच्या. मधेच सासूबाईंनी कोपरानं ढोसलं. पलीकडच्या बाकावर एक गोरी, ठसठशीत नथ घातलेली बाई बसली होती.

"नवाबाची सून," सासूबाई कुजबुजल्या. "नाक तर बराबर जुळतंय."

जुबेदाबीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आणि तेवढ्यात बस तलावाच्या बांधावर आली. एका हाताला पाणीच पाणी, उन्हं कलती झालेली, आणि वरच्या मजल्यावरून रस्ता दिसत नसल्यामुळं बस पाण्यावरूनच चाललीय असं वाटत होतं. या वेळी हसणं थांबलं. बांध संपेपर्यंत दोघींपैकी कुणी पापणी हलवली नाही.

बस सिकंदराबादला जाऊन थांबली. कंडक्टर म्हणाला, उतरा. सासूबाई म्हणाल्या, नाही. त्याच बसनं परत जायचं, त्याच जागेवरून. तो तलाव आता दुसऱ्या हाताला येणार, तो बघायचा राहिलाय. कंडक्टर कपाळाला हात लावून खाली गेला. अशा रीतीनं त्या परत चारमिनारला आल्या तेव्हा सेठ दुकानाच्या फळ्या लावत होते आणि काचीगुड्याहून गाडी केव्हाच निघून गेली होती.

जुबेदाबीची गाडी आजवर कधी चुकली नव्हती. ती घाबरून गेली. पण सेठ म्हणाले, "अच्छा हुआ. चिड़ियाघर बाकी है ना!" आणि दोघींना घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं, चाँदबींनी, काही न विचारता आधी पाय धुवायला पाणी दिलं. मग सगळं ऐकलं, आणि सकाळी बुरखा चढवून त्याही तयार. त्यांचा जन्म चारमिनारच्या मागच्या गल्लीतला, पण हत्ती बघायला त्या लहानपणानंतर गेल्या नव्हत्या.

हत्तीनं सलाम केला नाही. तिघी खूप वेळ उभ्या राहिल्या. तो आपला गवत खात राहिला. "इसरला आसंल," सासूबाई म्हणाल्या, "आपणच करू." तिघींनी ओळीत उभं राहून हत्तीला सलाम केला. त्यानं कान हलवले. हा सलाम धरावा की नाही यावर दोघींचं परतूर येईपर्यंत एकमत झालं नाही.

इकडे आमच्या घरी एक दिवस चुलीवर धड स्वयंपाक झाला नव्हता. सासरे दोनदा परतूर स्टेशनला जाऊन आले होते. दोघी दारात उतरल्या तेव्हा निम्मं गाव ओट्यावर. सासूबाईंच्या चेहऱ्यावर ऊन लागलेलं, जुबेदाबीचे हात उघडे.

"कुठं गेल्ता?" सासऱ्यांनी आवाज चढवला.

"पुढं," सासूबाई म्हणाल्या.

"कशाच्या पुढं?"

उत्तर द्यायला सासूबाईंनी तोंड उघडलं, पण जुबेदाबीकडे नजर गेली आणि दोघी पुन्हा सुरू झाल्या. गाठोडं धरून, चौकटीला टेकून, हसतायत नुसत्या. सासरे रागानं शेताकडे निघून गेले. तिसऱ्या दिवशी जेवताना हळूच म्हणाले, "टाळी खरंच ऐकू येते?"

गिरिजाचा चुडा भरायला जुबेदाबी आली तेव्हा ती जरा धास्तावलेलीच होती. आता खरं पाहिलेलं. खऱ्यानं हात सैल होईल का? तिनं कमान सांगितली, टाळी सांगितली, पाण्यावरून चालणारी बस सांगितली. गिरिजाचं तोंड उघडं ते उघडंच. पण मधेच सासूबाई म्हणाल्या, "अन् हत्तीनं दोनदा सलाम केला."

"आक्का! न्हाई केला त्यानं."

"दोनदा. एकदा सोंडेनं, एकदा पायानं."

त्यानंतर गोष्टी लांबवायचं काम सासूबाईंनीच घेतलं. जुबेदाबीला लगाम खेचत बसावं लागायचं. आणि दर वर्षी माघ आला की माल आणायला तिच्यासोबत कुणी ना कुणी असायचंच. एकदा गावातल्या झुंबरबाई, एकदा आमच्या शेजारच्या द्वारकाबाई, एका वर्षी मीसुद्धा. नवऱ्यांनी कुरकुर केली की सासूबाई म्हणायच्या, मी जामीन. छोटी लाईन जाऊन मोठी गाडी आली तेव्हा तर आम्ही आठजणी गेलो, आणि चाँदबी स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या.

जुबेदाबीचे गुडघे दुखायला लागले तेव्हा हैदराबाद बंद झालं. ती दोन हजार एकची गोष्ट. माल जालन्याहूनच येऊ लागला. जालन्याला गेलं की कादराबादचा बाजार, दोन दुकानं आणि परत. एकदा बाजार करून मी, सासूबाई आणि जुबेदाबी अशा आम्ही तिघी रसवंतीवर बसलो होतो. जुबेदाबीचा पुतण्या अलीम तिथं टेम्पो चालवायचा, एमआयडीसीत कामगारांची ने-आण. आम्हाला एस.टी. स्टँडवर सोडायला तो आला होता. सासूबाईंचं वय सत्तरीला टेकलेलं. त्यांनी रसाचा ग्लास खाली ठेवला.

"अलीम, तू रोज जातोस तिकडं काय आहे रे?"

"तिकडं काय असणार मावशी? लोखंडाचे कारखाने. धूर."

"ने आमाला."

अलीमनं जुबेदाबीकडे पाहिलं. ती आधीच टेम्पोत चढून बसली होती, दुखरा गुडघा हातानं आत ओढून घेत.

एका कारखान्याचा मोठा दरवाजा उघडाच होता. राखणदार आत सोडेना, पण अलीमच्या ओळखीचा होता, म्हणून त्यानं लांबून बघायला हरकत घेतली नाही. आम्ही रस्त्याच्या कडेला टेम्पोतच बसून बघू लागलो. आत अंधार होता. आणि एकदम त्या अंधारातून लोखंडाची लालभडक सळई सापासारखी सळसळत निघाली, वळली, यंत्राच्या दुसऱ्या तोंडातून आत गेली आणि आणखी लांब होऊन बाहेर आली. ठिणग्या छपरापर्यंत उडाल्या. "अगं माय!" आम्ही तिघी एका सुरात ओरडलो. आतल्या कामगारानं चिमटा हातात घेऊन वळून पाहिलं. त्याच्या कामाला अशी दाद आजवर कुणी दिली नसावी. पुढची सळई आली तेव्हा त्यानं आधी आमच्याकडे हात केला, बघा हं आता. आम्ही पुन्हा ओरडलो.

पाळी सुटली. काळवंडलेले, घामेजलेले कामगार डबे घेऊन टेम्पोकडे आले, तर आत आम्ही ठाण मांडून. अलीम डोकं खाजवत उभा. "मावशी, चला ना. ह्यांना घरी सोडायचंय."

"मंग बसू दे की त्यांना," सासूबाई म्हणाल्या आणि सरकल्या. एक पोरगेला कामगार त्यांच्या शेजारी अंग चोरून बसला. सासूबाईंनी त्याचं नाव विचारलं. बद्रीनाथ. गाव विचारलं. राजूर.

"बद्रीनाथ, ती लाल सळई तूच काढून राह्यला होतास का?"

"हौ मावशी."

"उद्याबी काढणार?"

"रोजच काढतो."

"बघ जुबेदा," सासूबाई म्हणाल्या, "रोज!" आणि जुबेदाबीनं अलीमला सांगितलं, उद्या सकाळी गावाकडच्या सगळ्या बायांना आणायचंय, टेम्पो धुऊन ठेव.